टर्बो वळणावरून निवडा

दसरा उलटला की माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न येऊ लागतो. "ताई, यंदा मोठा टर्बो टाकायचाय. कुठला टाकू?" विचारणारा कधी पुण्याचा असतो, कधी कोल्हापूरचा, कधी नाशिकचा. गाडी बहुतेक वेळा स्कोडा किंवा फोक्सवॅगनची असते, शोरूममधून टर्बोसकटच आलेली. सीटा काढलेल्या, रोल केज बसवलेला, रिमॅप झालेला. आता पुढची पायरी म्हणून टर्बो. आणि प्रश्नापाठोपाठ मोबाइल पुढे केला जातो. त्यावर डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या मशीनचा, एक कागद असतो: अमक्याच्या गाडीने ३८० बीएचपी दिले. आपलीही गाडी तेवढी व्हायला हवी, एवढेच त्या मुलाला माहीत असते.

माझे मत मी सुरुवातीलाच सांगते. सर्किटवर पळणाऱ्या गाडीचा टर्बो डायनोवरच्या कमाल आकड्याकडे बघून निवडणे, ही आपल्याकडच्या हौशी रेसिंगला लागलेली सर्वांत महागडी सवय आहे. टर्बो निवडायचा तो ज्या सर्किटवर गाडी पळणार तिथल्या वळणांवरून. वळणातून बाहेर पडताना इंजिन किती आरपीएमवर असते? तिथे पाय दाबल्यावर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, किती वेळात येतो? आणि वीस मिनिटे सलग पळूनही तो बूस्ट टिकतो का? या तिन्ही प्रश्नांना जे टर्बो पुरे पडतात, त्यांतला सर्वांत लहान घ्यावा.

हे मी कशाच्या जोरावर म्हणते, तेही सांगायला हवे. माझी नोकरीची वर्षे टर्बोच्या टेस्ट बेंचवर गेली. काचेपलीकडे लालबुंद झालेले टर्बाइन हाउसिंग आणि अलीकडे आमचे मॉनिटर, असा तो दिवसभराचा संसार. आता मी भोसरीच्या एका गॅरेजमध्ये सर्किटच्या गाड्यांचे लॉग वाचून देते. गाडीच्या कॉम्प्युटरने सेकंदाला कितीतरी वेळा नोंदवलेले आरपीएम, थ्रॉटल, बूस्ट, तेलाचे तापमान, सगळे उलगडून ड्रायव्हरसमोर मांडणे हे माझे काम. पुणे परिसरात टर्बो बनतात, तपासले जातात, जगभर जातात. त्याच पुण्यात टर्बो विकत घेणारा मुलगा केवळ एका आकड्यावर निर्णय घेतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांचा गाड्यांशी संबंध फक्त ऑफिसला जाण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनातून बाहेर पडणारा जळलेला वायू एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोमध्ये तो आधी एका चक्रावर आदळतो, ते टर्बाइन. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, तो कॉम्प्रेसर. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येते, म्हणजे जास्त ताकद. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युशी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तरंगत असतो तेलाच्या एका पातळ थरावर.

खरी मेख चक्राच्या आकारात आहे. चक्राला वेग घ्यायला होणारा विरोध, म्हणजे त्याचे जडत्व, व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. आकार तोच ठेवून चक्र फक्त दहा टक्क्यांनी मोठे केले, तर जडत्व साठ टक्क्यांहून जास्त वाढते. कॅटलॉगमध्ये दोन टर्बो शेजारी शेजारी छापलेले असतात, व्यासात चार-पाच मिलिमीटरचा फरक, किमतीतही फार नाही. मग मोठाच घेऊन टाकू, असे वाटणे साहजिक आहे. पण त्या चार-पाच मिलिमीटरची किंमत प्रत्येक वळणानंतर मोजावी लागते.

ती कशी, हे लॉगमध्ये स्वच्छ दिसते. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे घ्या. रेसर एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा २.१ किलोमीटरचा छोटा, वळणावळणांचा ट्रॅक. महाराष्ट्रातून रेसिंग करणाऱ्यांना तो आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक हे दोन्ही घरच्यासारखे. आमच्याकडे येणाऱ्या एका ऑक्टाव्हिया व्हीआरएसचे दोन लॉग माझ्याकडे आहेत. इंजिन दोन लिटरचे, गाडी तीच, ड्रायव्हर तोच, टायरही त्याच मेकचे. पहिला लॉग मूळच्या आयएस-२० टर्बोचा, दुसरा आयएस-३८ बसवल्यानंतरचा. दोन्ही जपानच्या आयएचआय कंपनीचे. आयएस-३८ म्हणजे गोल्फ आर आणि ऑडी एस-३ यांचा टर्बो. फारशी तोडमोड न करता तो बसतो, म्हणून या गाड्यांच्या जगात तो सर्वांत जास्त मागितला जातो.

एका हळू वळणाचा शेवट. तिसरा गिअर, ३,८०० आरपीएम, वेग ताशी ऐंशीच्या आसपास. ड्रायव्हरने पाय दाबला, थ्रॉटलची रेघ झर्रकन शंभर टक्क्यांवर गेली. मूळ टर्बोवर बूस्टची रेघ तिच्या मागोमाग चढते आणि साधारण सहा दशांश सेकंदात जागेवर पोचते. मोठ्या टर्बोवर ती आधी रेंगाळते, मग वाकते, मग उसळी घेते; पूर्ण बूस्ट यायला सव्वा सेकंदाच्या वर लागतो. ताशी ऐंशीला गाडी सेकंदात बावीस मीटर जाते. म्हणजे मोठा टर्बो पंधरा-एक मीटर उशिरा जागा होतो. आणि जागा होतो तेव्हा एकदम होतो. पुढची चाके अजून थोडी वळलेली असतात, त्यांच्यावर अचानक टॉर्क येतो, टायर सुटतात, गाडी बाहेरच्या कडेला सरकते. ड्रायव्हर पाय उचलतो. पाय उचलला की बूस्ट पडला. पुन्हा पहिल्यापासून.

सरळ पट्ट्यावर हीच गाडी आधीपेक्षा खूप जोरात खेचते, हेही लॉग दाखवतो. शेवटच्या टोकाला वेग जास्त आहे. डायनो खोटे बोललेला नाही. पण कारीवर सरळ पट्टा संपतो लवकर आणि वळणे पुन्हा पुन्हा येतात. त्या ड्रायव्हरचा लॅप टाइम मोठ्या टर्बोने वाढला. नंतर आम्ही बूस्ट उतरवला आणि टॉर्क हळूहळू चढेल असा मॅप इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये लिहिला, तेव्हा कुठे तो जुन्या वेळेच्या जवळ आला. थोडक्यात, महागड्या टर्बोला बांधून ठेवून आम्ही त्याला लहान टर्बोसारखे वागायला लावले.

हा धडा नवा नाही. फॉर्म्युला वनने तो जगासमोर शिकून दाखवला आहे. सत्तरच्या दशकातल्या नियमांत तीन लिटरचे साधे इंजिन चालत असे, किंवा दाबलेल्या हवेवर चालणारे दीड लिटरचे. दुसरा मार्ग कुणीच घेत नव्हते. १९७७ मध्ये ब्रिटिश ग्रां प्रीला सिल्व्हरस्टोनवर रेनॉने आरएस-०१ उतरवली, ड्रायव्हर झां-पिएर जाबुई. दीड लिटरचे व्ही-६ इंजिन आणि एकच मोठा टर्बो. गाडी पिवळी आणि धूर सोडत थांबणारी, म्हणून इंग्लंडमध्ये तिला पिवळी किटली म्हणू लागले. ताकद होती, पण ड्रायव्हरने पाय दाबल्यावर ती येईपर्यंत वळण मागे पडलेले असे.

रेनॉच्या लोकांनी १९७९ मध्ये काय केले? आणखी मोठा टर्बो नाही बसवला. आरएस-१० या नव्या गाडीत एका मोठ्याच्या जागी दोन लहान टर्बो आले, व्ही-६ च्या दोन्ही बाजूंना एकेक. लहान चक्रे लवकर फिरू लागली. १ जुलै १९७९ रोजी दिजाँला फ्रेंच ग्रां प्रीमध्ये जाबुई जिंकला आणि टर्बो इंजिनाचा फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय ठरला.

पुढे १९८६ पर्यंत पात्रता फेरीत हजार हॉर्सपॉवरच्या कितीतरी पुढे आकडे गेले. मग लगाम आला. १९८८ मध्ये टर्बो गाड्यांना २.५ बारपेक्षा जास्त दाब नाही आणि अख्ख्या शर्यतीला १५० लिटरच पेट्रोल, असा नियम झाला. होंडाचे इंजिन सातशेच्याही खाली आले. त्या वर्षी मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. सेना आणि प्रॉस्ट यांच्यासारखे ड्रायव्हर होते, चॅसी उत्तम होती, हे सगळे खरे. पण कमी दाबात, मोजक्या इंधनात, ड्रायव्हरच्या पायाला सतत साथ देणारे इंजिन होंडाने बनवले, हाही त्या यशाचा मोठा भाग होता. त्या काळी होंडाच्या फॉर्म्युला वन इंजिनांना टर्बो पुरवणारी कंपनी म्हणजे हीच आयएचआय.

मग टर्बो निवडायचा कसा? त्यासाठी कॉम्प्रेसरचा नकाशा वाचता आला पाहिजे. गॅरेट आणि बोर्गवॉर्नरसारख्या कंपन्या आपल्या रेसिंगच्या टर्बोंचे नकाशे उघड छापतात. आडव्या अक्षावर दर मिनिटाला किती हवा जाते ते, उभ्या अक्षावर ती हवा किती पट दाबली ते. मधे एकात एक बसलेली वर्तुळे. सर्वांत आतल्या वर्तुळात कॉम्प्रेसर सर्वांत कमी उष्णता करून हवा दाबतो. डाव्या कडेला सर्जची रेघ. तिच्या पलीकडे हवा उलटी मागे येते आणि चक्राला दणके देते. उजव्या कडेला चोक. तिथून पुढे कितीही फिरवले तरी हवा वाढत नाही, नुसती तापते.

याच दोन लिटरच्या इंजिनाचा हिशेब कागदावर मांडू. ६,००० आरपीएम, १.२ बार बूस्ट, दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून पन्नास अंशांवर आलेली हवा: इंजिन मिनिटाला साधारण १३ किलो हवा ओढते. एक किलो हवेमागे बावीस-एक बीएचपी धरले तर २९० च्या आसपास आकडा येतो. हा उजवीकडचा बिंदू. आता वळणाच्या तोंडाशी, ३,८०० आरपीएमला, त्याच बूस्टवर हवा आठ किलोच्या आसपास. हा डावीकडचा बिंदू. सर्किटवरच्या गाडीचे आयुष्य या दोन बिंदूंच्या मधे जाते. दुसऱ्यातून तिसऱ्यात गिअर टाकला की इंजिन साडेसहा हजारांवरून साडेचारच्या आसपास येते, तेही या पट्ट्यातच. म्हणून हा सबंध पट्टा नकाशाच्या आतल्या वर्तुळांतून जातो की नाही, ते बघायचे. मोठ्या कॉम्प्रेसरच्या नकाशावर उजवा बिंदू छान मधोमध बसतो आणि डावा सर्जच्या रेघेला जाऊन टेकतो. डायनोचा कागद फक्त उजव्या बिंदूची जाहिरात करतो.

यात आपली हवाही धरावी लागते, आणि ती आपल्याकडे फारसे कोणी धरत नाही. परदेशी ट्यूनरने तिकडच्या थंड हवेत काढलेले आकडे आपण जसेच्या तसे उचलतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब मुळातच ०.९५ बारच्या आसपास. इंजिनाला तेवढीच हवा द्यायची, तर चेन्नईत कॉम्प्रेसरने ती २.३ पट दाबली तरी चालते, पुण्यात अडीच पटीच्या जवळ जावे लागते. म्हणजे तोच टर्बो पुण्यात जास्त जोरात फिरतो. उलट चेन्नईत दाब असतो, पण उकाडा जीव घेतो. अडतीस अंशांची हवा अडीच पटीच्या आसपास दाबली, तर चांगल्या वर्तुळात, म्हणजे ७२ टक्के कार्यक्षमतेला, ती १६५ अंशांवर बाहेर पडते. नकाशाच्या कडेला, ६२ टक्क्यांवर, १८५ अंशांवर. हे वीस अंश इंटरकूलरच्या डोक्यावर बसतात. इंटरकूलर दमला की इंजिन नॉक करू लागते, म्हणजे आतले पेट्रोल आपोआप भडकू लागते, कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, एक्झॉस्ट आणखी तापतो, आणि तो ताप सरळ टर्बाइनवर जातो.

उष्णता हा सर्किटवरचा खरा शत्रू आहे. ड्रॅग शर्यत काही सेकंदांत संपते; डायनोवरची चाचणीही तशीच, समोर मोठा पंखा लावून. सर्किटवर वीस मिनिटे सुटका नाही. हंगामानंतर उघडलेला टर्बो मी हातात घेते, तेव्हा सगळी कहाणी त्याच्या अंगावर लिहिलेली सापडते. कॉम्प्रेसरचे नट धरून दांडा हलवून बघते. निरोगी दांडा आडवा किंचित हलतो, पुढेमागे जवळजवळ नाहीच. पुढेमागे हलणारा दांडा म्हणजे थ्रस्ट बेअरिंग झिजलेले, बहुधा सतत मर्यादेपलीकडे फिरवल्यामुळे. तेलाच्या वाटेत काळा, कडक थर असेल, तर ड्रायव्हरने कूलडाउन लॅप न घेता गाडी थेट पिटमध्ये आणून बंद केली; आत अडकलेले तेल जागेवर करपले. जादा वायू बाजूने सोडणाऱ्या वेस्टगेटच्या भोकाभोवती हाउसिंगला भेगा असतील, तर एक्झॉस्टचे तापमान बराच काळ वर होते. या तिन्ही खुणा मला सर्वांत जास्त दिसतात त्या अशा गाड्यांवर, ज्यांत टर्बोवर लाखांच्या घरात खर्च झाला आहे आणि ऑइल कूलर, इंटरकूलर मात्र मूळचेच आहेत.

इथे कुणी म्हणेल, तंत्रज्ञान पुढे गेले आहे. आता मोठ्या टर्बोलाही लॅग, म्हणजे बूस्ट यायला होणारा उशीर, राहिलेला नाही. यात तथ्य आहे आणि ते मी मानते. ट्विन स्क्रोल हाउसिंगमध्ये सिलिंडरांचे वायू दोन वेगळ्या वाटांनी टर्बाइनवर येतात, एकमेकांना अडवत नाहीत, त्यामुळे बूस्ट लवकर येतो. बॉल बेअरिंगचा टर्बो साध्या बेअरिंगपेक्षा चटकन फिरतो. बजेट असेल तर पैसे अशा टर्बोवर जरूर घालावेत, आणि तेही आकार एक पायरी लहान ठेवून. अँटी-लॅगची गोष्ट वेगळी. थ्रॉटल सोडल्यावरही एक्झॉस्टमध्ये पेट्रोल जाळून टर्बाइन फिरते ठेवणारी ही युक्ती जागतिक रॅलीतल्या मोठ्या संघांना परवडते, कारण त्यांच्याकडे सुटे भाग आणि मेकॅनिक दोन्ही हाताशी असतात. स्वतःच्या पगारातून रेसिंग करणाऱ्या मुलाने त्या वाटेला जाऊ नये.

दुसरा आक्षेप ट्रॅकचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा आहे आणि त्याचा मागचा सरळ पट्टा किलोमीटरहून लांब. तिथे मोठ्या टर्बोला पळायला जागा मिळते. मान्य. जो मुलगा खरोखर वर्षभर तिथेच पळणार आहे, त्याच्या लॉगवरून मी वेगळा टर्बो सुचवेन, आणि तेच माझे म्हणणे आहे: आधी ट्रॅक, मग टर्बो. पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दिवस कारीवर आणि चेन्नईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर जातात. त्यांनी नोएडाच्या सरळ पट्ट्यासाठी खर्च का करावा?

पैशांचा विषय टाळता येणार नाही. आपल्याकडे रेसिंगला प्रायोजक फार कमी. मुले बोनस साठवतात, वडिलांकडून घेतात, कुणी कर्जही काढते. एवढ्या कष्टाच्या पैशातून आधी चांगले ब्रेक पॅड, उकळणार नाही असे ब्रेक फ्लुइड, टायरचे दोन सेट, ऑइल कूलर, मोठा इंटरकूलर घ्यावा आणि उरलेल्या पैशांत ट्रॅकवर जास्तीत जास्त वेळ विकत घ्यावा. एवढे झाल्यावर लॉगमध्ये मूळ टर्बो खरोखर अपुरा दिसला, सरळ पट्ट्याच्या शेवटी बूस्ट ढासळू लागला, तरच टर्बोला हात घालावा. तेव्हाही पेट्रोलचा विचार आधी. ऑक्टेन शंभरचे पेट्रोल २०२० च्या डिसेंबरपासून पुण्या-मुंबईसह काही शहरांत मिळू लागले, पण सर्किटच्या गावी ते मिळेलच असे नाही. जे पेट्रोल शर्यतीच्या दिवशी टाकीत असणार, त्याच पेट्रोलवर मॅप व्हायला हवा. पंपावर मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल नॉकला बरे, पण त्यात ऊर्जा कमी, त्यामुळे इंजेक्टर आणि पंपाला जास्त पुरवठा करावा लागतो. तेवढी ऐपत त्यांच्यात आहे का, हेही आधी तपासावे.

नकली टर्बोबद्दल मात्र मी कुणाचीही भीड ठेवणार नाही. नामांकित टर्बोच्या नावाने, त्याच्याच खोक्यासारख्या खोक्यात, निम्म्याहून कमी किमतीत नक्कल मिळते. मी अशा एका टर्बोचे चक्र बॅलन्सिंग मशीनवर चढवले होते. मूळ कंपनीच्या मर्यादेच्या आसपासही ते नव्हते. मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या दांड्यावर असे चक्र म्हणजे ड्रायव्हरच्या पायापासून हातभर अंतरावर ठेवलेला धोका. दांडा तुटला की गरम तेल एक्झॉस्टवर सांडते आणि आग लागते. ज्याला खरा मोठा टर्बो परवडत नाही त्याने खरा लहान टर्बो ठेवावा. त्यात कमीपणा काहीही नाही.

आणि एक गोष्ट रस्त्याची. टर्बो बदललेली गाडी रात्री लोणावळ्याच्या घाटात किंवा द्रुतगती मार्गावर चालवून बघायची, ही प्रथा थांबलीच पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करायला मनाई करते, हे कारण तर आहेच. त्याहून मोठे कारण म्हणजे त्या रस्त्यावर दुसऱ्यांची लेकरे असतात. सर्किटची गाडी ट्रेलरवर चढवून सर्किटवर न्यावी.

हे सगळे एकट्या मुलांच्या शहाणपणावर सोडून भागणार नाही. फॉर्म्युला भारत या स्पर्धेत इंजिनिअरिंगची मुले स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन उतरतात. तिथल्या पेट्रोल गाड्यांना २० मिलिमीटरच्या भोकातूनच हवा घ्यावी लागते. टर्बो लावला तरी ते भोक कॉम्प्रेसरच्या आधी. हवेला कमाल मर्यादा ठरलेली असल्यामुळे मुलांना दुसरा काही पर्यायच राहत नाही; मिळालेली हवा कोणत्या आरपीएमला, किती लवकर कामी लावायची, हेच शिकावे लागते. तिथून आलेली मुलगी कॉम्प्रेसरचा नकाशा पाहता पाहता वाचते, हे मी अनुभवले आहे. आपल्या महाविद्यालयांनी हे ज्ञान स्पर्धेच्या संघापुरते ठेवू नये. मेकॅनिकलच्या प्रत्येक वर्गात एक खरा टर्बो उघडून, त्याचा नकाशा टेबलावर पसरून एक प्रात्यक्षिक व्हावे. कारखाने शेजारी आहेत, वापरलेले टर्बो भंगाराच्या भावात मिळतात.

क्लबच्या शर्यती भरवणाऱ्यांनीही पुढे यावे. हौशी गटांची विभागणी वजनाच्या प्रमाणातल्या ताकदीवर करावी, किंवा टर्बोच्या तोंडाला ठरावीक मापाचा, हवा रोखणारा रेस्ट्रिक्टर लावावा. मोठा टर्बो बसवून काही हाती लागणार नसेल, तर खर्चाची चढाओढ आपोआप बसेल आणि जिंकायला ड्रायव्हिंगच लागेल. मोटरस्पोर्ट क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाने अशा गटांना बळ दिले, तर मध्यमवर्गीय घरातली अनेक मुले दुसऱ्याच हंगामात पैसे संपून घरी बसणार नाहीत.

आणि गॅरेजवाल्यांना, जे माझे सहकारीच आहेत, एक आग्रहाची विनंती. टर्बोच्या कोटेशनसोबत ग्राहकाला एक पान द्या. त्यावर त्या टर्बोचा नकाशा असावा, ग्राहकाच्या इंजिनाचे दोन बिंदू त्यावर टिंब देऊन दाखवलेले असावेत, आणि त्याच्या स्वतःच्या लॉगमधून काढलेला वळणाबाहेरचा आरपीएम बाजूला लिहिलेला असावा. अर्ध्या तासाचे काम आहे. ज्या मुलाला टर्बो घ्यायचा आहे, त्याने हे पान मागावे. मिळाले नाही तर आगाऊ रक्कम देऊ नये, त्या पैशांचे टायर घ्यावेत आणि पुढच्या ट्रॅक डेला नाव नोंदवावे. लॅप टाइम नक्की खाली येईल.